गुडघ्यातली अक्कल

मराठी भाषेने गुडघ्याला कधी चांगली वागणूक दिलेली नाही. शरण जायचे झाले तर गुडघे टेकायचे, लग्नाची घाई झाली तर बाशिंग गुडघ्याला बांधायचे आणि एखादा अगदीच बिनडोक निघाला तर त्याची अक्कल गुडघ्यात आहे असे खुशाल म्हणायचे! गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. हे वाक्प्रचार मी कितीदा समजावून दिले असतील. पण त्यांतल्या शेवटच्यात काही शास्त्रीय तथ्य असेल अशी शंका मला कधी शिवली नव्हती. ती आली २०२२ सालच्या डिसेंबरात, आणि आली तीही चांगलीच महागात पडून.

आमची कन्या खो-खो खेळते. तेव्हा ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पळतीवर असताना खांबाला वळसा घालून ती एकदम उलट दिशेला फिरायला गेली. पाऊल मातीत रोवलेलेच राहिले आणि वरचे अंग मात्र फिरले. कोणी तिला धक्का दिला नव्हता, कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता. “बाबा, आत काहीतरी कट्‌दिशी वाजलं,” एवढेच तिला सांगता आले. संध्याकाळी ती मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून घरी आली तेव्हा तिचा उजवा गुडघा शहाळ्यासारखा टम्म झाला होता.

आमच्या आईने ताबडतोब आंबेहळद उगाळली आणि गरम लेप घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरणांचे छायाचित्र काढले, हाड शाबूत असल्याचा निर्वाळा दिला आणि “लचक आहे. तीन आठवड्यांत पळायला लागेल,” असे सांगून एक पट्टा बांधून दिला. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले! आणि खरोखरच तीन आठवड्यांत सूज उतरली, मुलगी चालू लागली. डॉक्टरांचे आणि आंबेहळदीचे श्रेय कसे वाटून द्यावे यावर घरात चर्चाही झाली. मग एका सकाळी घाईघाईने जिना उतरताना तिचा गुडघा निसटला. निसटला हा तिचाच शब्द. वरचे हाड एकीकडे आणि खालचे दुसरीकडे गेल्यासारखे वाटले म्हणाली. कठडा हाताशी होता म्हणून बचावली.

दुसरे डॉक्टर अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी यंत्राकडे जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट केली. मुलीला उताणे निजवून गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. आधी डाव्या पायाची. दाव्याला बांधलेले वासरू जसे हिसका बसून थांबते, तशी ती नडगी थांबली. मग उजव्या पायाची ओढली. ती पुढे आली, आणखी पुढे आली. हिसका काही बसला नाही. मी शेजारीच उभा होतो. शरीरशास्त्रातले अक्षर मला कळत नाही. पण दावे तुटले आहे हे मलाही कळले. या परीक्षेला फिलाडेल्फियाच्या लॅखमन नावाच्या डॉक्टरांचे नाव आहे, आणि त्यांच्या एका शिष्याने ती १९७६ साली जगापुढे मांडली. पुढे एमआरआय काढला, त्याने हाताने सांगितलेलेच पुन्हा सांगितले.

हे दावे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या मधोमध, सांध्याच्या अगदी गाभ्यात, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे दोन बंध असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. पुढचा तुटतो तो बहुधा असा, वळताना. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. एवढ्याशा दोरीवर धावणारे सबंध माणूस वळते! ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणाऱ्या गेलन या ग्रीक वैद्याला हे फुलीचे बंध दुसऱ्या शतकात ठाऊक होते. १८३६ साली जर्मनीच्या वेबर बंधूंनी दाखवून दिले की हा बंध एकजीव दोरी नसून त्यात दोन पेड आहेत, आणि गुडघा वाकतो-सरळ होतो तसा कधी एक ताणला जातो, कधी दुसरा.

मग तुटला तर शिवावा, असेच कोणीही म्हणेल. तसे शिवूनही पाहिले. इंग्लंडातील लीड्स येथे मेयो रॉब्सन या शल्यविशारदाने १८९५ साली एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोन्ही बंध शिवले आणि तो माणूस पुढे न लंगडता कामावर जात होता. परंतु सगळेच गुडघे त्या खाणकामगाराइतके सज्जन निघाले नाहीत. हाड मोडले की तेथे रक्त साकळते आणि त्या गाठीच्या आधाराने नवे हाड धरते. सांध्याच्या आत मात्र सतत एक वंगण असते. ते ही गाठ टिकू देत नाही. तुटलेली दोन टोके समोरासमोर असूनही त्यांच्यामध्ये पूल बांधायला काही उरत नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यार्थ्यांचे बंध असे शिवले होते. पाच वर्षांनी त्यांचे गुडघे तपासले तेव्हा बहुतेकांच्या तक्रारी परत आलेल्या होत्या. हा वृत्तान्त १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि नुसत्या शिवणकामावरचा विश्वास उडाला.

दुसरा मार्ग होता नवा बंध घालण्याचा. ब्रिस्टॉलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ सालीच मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी आत वळवून तसा प्रयोग केला होता. पुढे गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोर, असे एकेक साहित्य पुढे आले. जपानमध्ये ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य वातानाबे यांनी ती विद्या पूर्णत्वाला नेली. आता सबंध गुडघा न उघडता पेन्सिलीएवढ्या दोन-तीन छिद्रांतून हे काम होते. हाडांत बोगदे पाडायचे, त्यांतून नवा दोर ओवायचा, दोन्हीकडे पक्का करायचा.

आणि जुन्या, तुटलेल्या बंधाचे काय? इथपर्यंत कोणी हा प्रश्नच विचारीत नव्हते. नवे घर बांधण्यापूर्वी जुन्या घराची माती ओढून टाकतात, तसा तो तुकडा फिरत्या पात्याने खरडून, शोषून काढून टाकायचा. जागा स्वच्छ झाली की बोगद्याचे ठिकाण नीट दिसते. कित्येक वर्षे हीच रीत होती आणि आजही पुष्कळ ठिकाणी ती आहे. तीत काही चूक आहे असेही नाही.

पण १९८४ साली एक गोष्ट उघडकीला आली. मेलेली दोरी समजून जो बंध टाकून देत होते, त्यात मज्जातंतूंची बारीक टोके सापडली. किती ताण पडला, गुडघा कोणत्या कोनात आहे, याची वर्दी ही टोके वर पाठवतात आणि मांडीचे स्नायू त्या बेताने आखडतात किंवा सैल सुटतात. अंधारात जिना चढताना आपण पाय न पाहता पायरीवर ठेवतो, त्यात या टोकांचा वाटा असतो. थोडक्यात, गुडघ्यात अक्कल असते! मी हे वाचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सौभाग्यवतींना उठवून सांगितले. “तुम्हाला आज कळलं?” एवढे बोलून त्या कुशीवर वळल्या.

शिवाय या बंधावर एक पातळ आवरण असते आणि त्यातून रक्तवाहिन्या जातात. बंध तुटला तरी खालचा खुंट, म्हणजे नडगीच्या हाडाला धरून राहिलेला भाग, लगेच मरत नाही. २००० साली जपानच्या अदाची, ओची व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस रुग्णांची हकीकत छापली. त्यांनी उरलेला बंध काढून न टाकता त्याच्या जोडीला नवा घातला होता. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णांपेक्षा या लोकांचे गुडघे अधिक घट्ट आणि कोनाची जाण अधिक चांगली, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी ग्रीसमधल्या डॉक्टरांनी कळवले की तुटून मागच्या बंधाला चिकटून राहिलेल्या तुकड्यांत तीन वर्षांनंतरही ती मज्जातंतूंची टोके सापडतात.

आता माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. मी काही टाकून देऊ शकत नाही. विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका, मुखपृष्ठ गळालेले दिवाळी अंक, अर्धी पाने वाळवीने खाल्लेले शब्दकोश, सगळे माझ्या कपाटात आहे. एवढी माहिती हाती आल्यावर माझा निश्चय काय झाला असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. मुलीच्या गुडघ्यातला एक धागाही फेकू द्यायचा नाही!

डॉक्टरांनी मात्र आधी शस्त्रक्रियेचीच घाई नको म्हणून सांगितले. स्वीडनमधल्या लुंड येथे १२१ तरुण माणसांवर एक परीक्षा झाली होती. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना फक्त व्यायाम दिला आणि गुडघा दगा देतच राहिला तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरवले. पाच वर्षांत त्या ५९ पैकी ३० जणांना ती करावी लागली. उरलेल्यांचे व्यायामावर भागले. म्हणून आमची कन्याही दीड महिना व्यायामाला गेली. पाय पूर्ण सरळ होऊ लागला, मांडीत बळ आले. पण वळताना गुडघा निसटायचा तो निसटायचाच. खो-खो सोडून द्यायचा असेल तर असेही चालेल, असे डॉक्टर म्हणाले. मुलीने माझ्याकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले नाही. “कधीची तारीख मिळेल?” एवढेच तिने विचारले.

त्या वेळी मी माझे टिपण खिशातून काढले आणि जुना बंध राखण्याविषयी बोलू लागलो. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. रुग्णांचे बाप टिपणे घेऊन येतात याची त्यांना सवय असावी.

“सर, राखायला माझी ना नाही,” ते म्हणाले, “मी स्वतः राखतो. पण दोन अडचणी असतात. तो लोंबणारा तुकडा दुर्बिणीच्या आड येतो आणि बोगदा चार मिलिमीटर चुकला तर सगळंच चुकतं. दुसरं असं की पुढच्या बाजूला जास्त पुंजका राहिला तर त्याची गाठ होते आणि पाय पूर्ण सरळ होत नाही.”

या गाठीचे वर्णन १९९० साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी केले. दुर्बिणीतून ती वटारलेल्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे, सायक्लॉप्सचे, नाव तिला दिलेले आहे.

“मग राखण्याचा फायदा नक्की किती?” मी विचारले.

“त्या जपानी लोकांनंतर पुष्कळांनी तुलना करून पाहिली. काहींना फायदा दिसला, काहींना दोन्ही गट सारखेच दिसले. नव्या बंधावर आवरण लवकर चढतं असं आम्हाला दिसतं. पण माणूस चालतो, पळतो, त्यात फार मोठा फरक पडतो असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. आत गेल्यावर जो भाग ठेवण्यासारखा असेल तो ठेवीन.”

मला हे उत्तर गुळमुळीत वाटले. सगळे ठेवीन असे का म्हणत नाहीत? परत येताना रिक्षात मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा कन्या म्हणाली, “बाबा, माझा गुडघा म्हणजे तुमचं कपाट नाही. कामाचं असेल तेवढं ठेवू दे त्यांना.”

घरी आल्यावर आईला सारे समजावून सांगितले. ती त्या वेळी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसली होती. तिला दहा मिनिटांत कळले. मला पंधरा दिवस लागले होते. “जिथं टाका धरतो तिथलंच कापड घ्यायचं,” ती म्हणाली. “विरलेलं घेतलं तर दोरा फुकट.”

२०२३ सालच्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दीड तासाचे काम सांगितले होते, दोन तास होऊन गेले. त्या दोन तासांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ज्यांनी असे बाक पाहिले आहेत त्यांना ते ठाऊक आहे.

नंतर डॉक्टरांनी मला आत बोलावून दुर्बिणीने टिपलेले चित्रण दाखवले. पडद्यावर पोटच्या पोरीचा गुडघा पाहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण दोन मिनिटांनी मी भीती विसरून पाहू लागलो. सगळे पाण्यात बुडालेले होते. मागचा बंध जाड, निरोगी. आणि त्याच्या अंगावर टेकून, त्याला बिलगून, आपला तुटका बंध पडला होता. वरचे टोक मांडीच्या हाडापासून निखळून पिंजलेल्या वातीसारखे झाले होते. खाली मात्र तो चांगला भरदार होता आणि त्यावर तांबूस रेषा दिसत होत्या. “या रक्तवाहिन्या,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी एका बारीक आकड्याने तो खुंट ढोसून, ओढून पाहिला होता. तो मुळाशी पक्का होता.

मग पाते आले. मी खुर्चीत सावरून बसलो. वरचे पिंजलेले धागे गेले. पुढच्या बाजूची झालर गेली, जिची पुढे गाठ झाली असती ती. माझ्या मते थोडी जास्तच गेली. पण मला कोणी विचारले नव्हते. अर्ध्याहून अधिक खुंट राहिला. नडगीतून पाडलेला बोगदा बरोबर त्या खुंटाच्या मधोमध वर आला होता. मांडीच्या मागचे दोन दोर काढून, त्यांच्या घड्या घालून, आठ मिलिमीटर जाडीचा नवा बंध केला होता; तो खालून वर ओढला गेला तेव्हा सदऱ्याच्या बाहीत हात जावा तसा जुन्या बंधाच्या आतून गेला. वर बाही आखूड पडली होती, तेथे नवा बंध उघडा दिसत होता. खाली तो झाकला गेला होता.

पहिले काही आठवडे हा नवा बंध एक प्रकारे मृतच असतो. त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला, नवा अजून आलेला नसतो. मग आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात, नव्या पेशी येतात आणि महिनोन्‌महिने तो स्वतःला नव्याने विणत राहतो. जुन्या खुंटाचे आवरण या वाहिन्यांना वाट दाखवील, ही डॉक्टरांची अपेक्षा. मौज अशी की या विणकामाच्या ऐन मध्यावर बंध कमकुवत असतो आणि रुग्णाला मात्र आपण ठणठणीत बरे झालो असे वाटू लागते. आमच्या कन्येला ते चौथ्या महिन्यात वाटले. नॉर्वेमधला २०१६ सालचा एक अभ्यास डॉक्टरांनी तिच्यापुढे ठेवला: मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके पुढे ढकलावे, तितका प्रत्येक महिन्याला पुन्हा इजा होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. तिने तो दोनदा वाचला आणि खेळाचे बूट स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकले.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट माझ्या वाचनात आली. बॉस्टनच्या मार्था मरे यांनी तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला एक स्पंज ठेवून, ते वंगण जी गाठ टिकू देत नाही ती टिकवण्याची युक्ती काढली आहे. माणसावर पहिला प्रयोग २०१५ साली झाला आणि २०२० साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. खाणकामगाराचे शिवणकाम सव्वाशे वर्षांनी पुन्हा दारात आले म्हणायचे. मी उत्साहाने ते डॉक्टरांना सांगितले. त्यांना अर्थातच माहीत होते.

व्यायामशाळेतल्या ताई कन्येला एका पायावर उभे राहायला लावीत. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून, मग मिटून. डोळे मिटले की गुडघ्याने स्वतःच्या अकलेवर उभे राहायचे. सुरुवातीला तीन आकडे मोजेपर्यंत ती डगमगे. घरी ओट्याजवळ उभी राहून ती हे करी. एकीकडे फोडणीचा वास, एकीकडे आजीचे मोठ्याने आकडे मोजणे. पाच, नऊ, चौदा. सहाव्या महिन्यात उजवा पाय डाव्याच्या बरोबरीला आला.

मग मी डॉक्टरांना पुन्हा विचारलेच. हा परत आलेला तोल त्या राखलेल्या खुंटाचा, की व्यायामाचा?

ते हसले. “सर, तिला उजवा गुडघा एकच आहे. दुसऱ्या पद्धतीने केलं असतं तर काय झालं असतं, ते आता कोणालाच पाहता येणार नाही.”

डिसेंबरात बूट माळ्यावरून खाली आले. पहिल्या दिवशी आम्ही घरचे चौघेही मैदानावर गेलो. आईला खुर्ची नेली होती. कन्या सावकाश धावत खांबापर्यंत गेली, थांबली, परत आली. मग पुन्हा गेली आणि या वेळी खांबाला वळसा घालून वळली. सौभाग्यवतींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की रात्री तेथे वळ दिसत होते.

त्याच रात्री, सगळे निजल्यावर, मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याजवळ उभा राहिलो. एक पाय उचलला, डोळे मिटले आणि मनात आकडे मोजू लागलो. चारला मी डब्यांच्या मांडणीवर जाऊन आदळलो. आवाज ऐकून आई आतून ओरडली, “मांजर आहे का रे?”